दारातला भोपळा

शारजात रोल्लाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो, त्या घराची बेल चिमणीसारखी वाजायची. म्हणजे वाजली तर. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस ती वाजवायचा आणि एकदा इस्त्रीवाला चुकून दुसऱ्याचे कपडे घेऊन आला होता. बाबा गुरुवारी संध्याकाळी यायचे, पण त्यांच्याकडे किल्ली होती. बाकी कोणी यायचं कारण नव्हतं. आमचं तिथे कोणी नव्हतंच.

मी आता पुण्यात कॉलेजला आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे इथल्या बऱ्याच गोष्टी मला अजून नीट कळत नाहीत आणि विचारायला संकोच वाटतो. मागच्या आठवड्यात हॉस्टेलच्या मुलींनी हॅलोवीनची पार्टी करायचं ठरवलं. त्यातली एक मला म्हणाली, तू तर दुबईची, तुमच्याकडे दणक्यात होत असेल. मी म्हटलं, दुबई नाही, शारजा. ती म्हणाली, तेच ते. आमच्याकडे हॅलोवीन एकदाच झालं आणि ते दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहून बघते आहे.

बाबा सांगलीजवळ एका साखर कारखान्यात फिटर होते. तिथून ते शारजातल्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि दोन वर्षांनी पगार जरा वाढल्यावर त्यांनी फॅमिली व्हिसा करून आम्हाला बोलावून घेतलं. आम्ही पोचलो, घरभाड्याचे वर्षाचे चेक देऊन झाले, शाळेची फी भरून झाली, आणि तीन-चार महिन्यांत बाबांना रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात पाठवलं. तिथे त्यांना कामगारांच्या कॅम्पमध्ये खाट मिळाली, फॅमिलीसाठी काही नाही. तेव्हा ठरलं की वर्षभर आम्ही इथेच राहायचं आणि बाबांनी गुरुवारी यायचं, शुक्रवारी संध्याकाळी जायचं. त्यामुळे आमचं घर शुक्रवारी घर असायचं आणि बाकीचे दिवस एक खोली, एक किचन आणि आम्ही दोघी.

मी सातवीत होते. गावाकडे मराठी शाळेत होते, इथे एकदम इंग्रजी. बिल्डिंगमधली सात-आठ मुलं माझ्याच स्कूलबसमध्ये होती आणि ती आपापसांत इंग्रजीतच बोलायची. घरी त्यांच्या आया मराठीत, गुजरातीत, मल्याळममध्ये विचारायच्या आणि ती उत्तर इंग्रजीत द्यायची. मी आधी मनात मराठीत वाक्य करायचे, मग ते इंग्रजीत फिरवायचे, आणि तोपर्यंत विषय बदललेला असायचा. कोणी वाईट वागत नव्हतं, एवढं मला सांगितलं पाहिजे. मी त्यांच्या लक्षात येत नव्हते, इतकंच.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक मुलगी होती, माझ्याहून एक वर्ष पुढे. तिचे आईवडील आधी इंग्लंडमध्ये राहून आले होते. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा बसमध्ये तिने जाहीर केलं की रविवारी बिल्डिंगमध्ये हॅलोवीन करायचं. सगळ्यांनी भुतासारखे कपडे घालायचे आणि प्रत्येक घराची बेल वाजवून खाऊ मागायचा. ज्यांना यायला हवं असेल त्यांनी दारात भोपळ्याचा दिवा ठेवायचा, म्हणजे कळेल. मग तिने माझ्याकडे मान वळवली. माझ्याकडे ती पहिल्यांदाच अशी सरळ बघत होती.

"यू आल्सो. पुट समथिंग स्केरी आउटसाइड. देन वी विल रिंग युअर बेल. अँड यू जॉइन अस."

घरी येईपर्यंत मी ते वाक्य पाठ केलं होतं.

आईला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला, कारण मलाही अर्धवटच माहीत होतं. मी सांगितलं की हा सण मेलेल्या माणसांचा असतो. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, म्हणजे सर्वपित्रीच की, पण ती तर होऊन गेली. मी म्हटलं, त्यांची वेगळी असते. भोपळा लागतो म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली, कारण आमच्याकडे पितरांच्या पानात लाल भोपळ्याची भाजी असतेच. मग मुलं येतात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हो, सगळी येतात, दारात येऊन बेल वाजवतात आणि खाऊ घेऊन जातात. तिने लाटणं थांबवलं.

"सगळी म्हणजे बिल्डिंगमधली सगळी?"

"हो. आणि त्यांच्या आया पण असतात लहान मुलांबरोबर."

त्या रात्री तिने दिवाळीसाठी आणून ठेवलेला मैदा आणि तूप खाली काढलं. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. फराळाचं सामान महिन्याच्या हिशेबातून थोडं थोडं बाजूला ठेवलेलं होतं, आणि ते दोनदा आणता येणार नव्हतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. चॉकलेटं आणण्यापेक्षा शंकरपाळी बरी, ती म्हणाली, आणि घरची चव लोकांच्या लक्षात राहते. मला वाटतं तिला मुलांपेक्षा त्यांच्या आयांसाठी ते करायचं होतं. गावाकडे संक्रांतीला आमच्या ओसरीवर बायकांना बसायला जागा पुरायची नाही. इथे आल्यापासून तिच्या हाताचं आमच्याशिवाय कोणी काही खाल्लं नव्हतं.

गुरुवारी बाबा आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की भुतांचे लाड करायला शाळेत शिकवतात का. पण शुक्रवारी सकाळी ते मला घेऊन रोल्लाच्या भाजीबाजारात गेले. तिथे लाल भोपळा फोडीनेच विकत मिळायचा. अख्खा मागितल्यावर भाजीवाल्याने आमच्याकडे जरा निरखून बघितलं आणि आतून एक मध्यम आकाराचा काढून दिला. बारा दिरहम. बाबांनी तिथेच मोठ्याने हिशेब केला, एकशेचाळीस रुपये. घरी येताना ते म्हणाले, एवढ्याला भोपळा घेतला हे माझ्या आईला कळलं तर तीच वरून भूत होऊन येईल, मग तुम्हाला दुसरं काही करायला नको.

खरी अडचण त्यानंतर आली. हॅलोवीन रविवारी होतं, आणि भोपळा रविवारी कापला असता तर ताजा राहिला असता. पण रविवारी बाबा नसणार. आणि अख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो. पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बाई पुढचं करू शकते. आमच्या घरात हे इतकं साधं होतं की त्यावर चर्चाही झाली नाही. गावाला असताना घरात कोणी पुरुष नसला तर आई शेजारच्या काकांना हाक मारायची, ते येऊन सुरी टेकवून जायचे. इथे हाक कोणाला मारणार? मी एकदा म्हणून बघितलं की नुसतं एक भोक तर पाडायचं आहे. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

म्हणून भोपळा शुक्रवारीच कापायचा ठरला. बाबांनी आंघोळ करून तो पाटावर ठेवला. त्यांच्या कारखान्यात गळीत हंगाम सुरू होताना मशिनसमोर कोहळा फोडायचे आणि ते काम बरीच वर्षं बाबांकडे होतं. त्या सवयीने त्यांनी भोपळ्याला हळद लावली, कुंकवाची चांगली पाच बोटं ओढली, नमस्कार केला आणि मगच देठाभोवती सुरी फिरवली. मी त्यांना सांगितलं की याला डोळे आणि दात पाहिजेत. फिटर माणूस, त्यांनी पेन्सिलने आधी मापं आखली. दोन्ही डोळे अगदी सारखे आले. दात करवतीसारखे. आईने आतला गर काढून घेतला आणि दुपारी त्याचे घारगे केले. तो शुक्रवार फार छान गेला, हे मला लिहून ठेवायचं आहे. बाबांनी घारगे खाता खाता त्या भोपळ्याकडे बघून सांगितलं की हा आमच्या कॅम्पच्या सुपरवायझरसारखा दिसतो. संध्याकाळी बसला जाताना ते म्हणाले, मी रविवारी फोन करतो, कोण कोण आलं ते सांगा.

फ्रिज आमचा छोटा होता, जुना घेतलेला. त्यात भोपळा मावला नाही. एसी आम्ही झोपतानाच लावायचो. शनिवारी शाळेतून आले तोवर भोपळ्याचे डोळे जरा बारीक झाले होते. रविवारी तो एका बाजूला बसला. दात आत वळले, झाकण आत पडायला लागलं आणि वास सुटला. हळद-कुंकू मात्र होतं तसंच होतं, उलट ओलसरपणामुळे ते ओघळून डोळ्यांच्या कडांना साचलं होतं आणि काळपट लाल दिसत होतं. मी ओलं फडकं घेतलं तर आई म्हणाली, लावलेलं कुंकू पुसायचं नाही. वासावर तिने उपाय केला, एक लिंबू अर्धं कापून आत ठेवलं. मेणबत्ती घरात नव्हती, म्हणून पणतीत तेल-वात घालून ती आत बसवली. आणि तिन्हीसांजेला तो भोपळा आम्ही उंबऱ्याबाहेर, बरोबर मध्यभागी ठेवला. दिवा लागल्यावर तो खरंच भीतिदायक दिसला. मला फार समाधान वाटलं. मी सांगितलं होतं तसंच झालं होतं सगळं.

माझ्यासाठी आईने पांढरी चादर काढली होती. ती कापायची नव्हती, पुढे वापरायची होती, म्हणून तिने ती माझ्या अंगाभोवती सेफ्टी पिनांनी बसवली. शंकरपाळीच्या पुड्या वर्तमानपत्राच्या नव्हत्या. माझ्या चित्रकलेच्या वहीची कोरी पानं घेऊन तिने शंकूच्या आकाराच्या पुड्या केल्या होत्या आणि ब्लाऊज शिवायच्या लाल दोऱ्याने बांधल्या होत्या. ताटात त्या ओळीने उभ्या करून ठेवल्या. आईने साडी बदलली होती. मी दाराला टेकून बसले आणि ती पलंगावर.

ते आले. लिफ्टचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग हसणं, चपलांचे आवाज, कोणीतरी घुबडासारखं ओरडलं. शेजारच्या केरळी कुटुंबाची बेल वाजली, दार उघडलं, थँक्यू अंकल, थँक्यू आंटी झालं. मग पावलं आमच्याकडे आली. मी उठून दाराच्या भोकाला डोळा लावला. भोकातून सगळं वाकडं आणि लांब दिसतं. मला वरच्या मजल्यावरची ती मुलगी दिसली, काळी टोपी घातलेली. तिच्यामागे लहान मुलं. ती बेलकडे हात करणार एवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, हळू पण घाईचा.

"हाथ मत लगाना किसी चीज़ को. पीछे आओ. लांघना मत."

मग त्या बाईने सगळ्यात लहान मुलाला दंडाला धरून मागे ओढलं आणि भिंतीच्या कडेकडेने, भोपळ्यापासून जितकं लांब राहता येईल तितकं राहून, सगळ्यांना जिन्याकडे नेलं. कोणीतरी विचारलं, व्हाय, व्हाय. उत्तर मला ऐकू आलं नाही. जिन्यावरून पावलं खाली गेली.

आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बहुतेक परत येतील. खालचा मजला करून.

आम्ही थांबलो. मी चादर काढली नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण पणतीत आईने एकदा तेल घातलं.

मग दार वाजलं. बेल नाही, कोणीतरी बोटांनी दार वाजवलं. समोरच्या घरात रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा कपड्यांच्या दुकानात होता, तीन मुलं. त्या बाई आईशी जिन्यात कधीतरी मराठीत बोलायच्या, मी त्यांना चाची म्हणायचे. त्या आत आल्या नाहीत. ओढणी डोक्यावर नीट घेऊन भोपळ्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"भाभी, राग नका मानू. एक विचारते. हा उतारा कोणावरून काढलात? पोरगीला बरं नाय काय?"

"उतारा?" आई म्हणाली.

आणि मग आईने खाली बघितलं. मी तिचा चेहरा बघत होते. तिने तो भोपळा जणू दुसऱ्या कोणाच्या दारात बघावा तसा बघितला. कापलेला भोपळा. हळद-कुंकू. अर्धं लिंबू. पेटलेली वात. तिन्हीसांज आणि उंबरा. गावाकडे रस्त्यात, तिठ्यावर असं काही पडलेलं दिसलं की तीच मला दंडाला धरून बाजूला घ्यायची. कोणाची तरी पीडा उतरवून ठेवलेली असते, जो ओलांडेल त्याला ती लागते, हे मला तिनेच शिकवलं होतं. आणि हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण प्रत्येक गोष्ट आम्ही वेगवेगळ्या कारणाने तिथे ठेवली होती.

आईने मग चाचींना सगळं सांगितलं. इंग्रजांचा सण, शाळेतली मुलं, बाबांनी पहिली सुरी लावली ते, वास आला ते. चाचींनी ऐकलं. त्यांना हसू येत होतं आणि त्या ते दाबत होत्या, हे मला दिसलं.

"माझ्या पोरांना मीच आत कोंडून ठेवलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरची सांगत आली, खाली करणी ठेवलीय. म्हटलं, ही तर चांगली माणसं. पण ते कुंकू तरी पुसायचं होतं, भाभी."

"कुंकू कसं पुसायचं?" आई म्हणाली.

चाची म्हणाल्या, बरोबर आहे.

आईने आत येऊन ताटातली एक पुडी घेतली आणि दारातून हात लांब करून त्यांच्यापुढे धरली. चाचींचा हात जरा पुढे आला आणि थांबला. "आज नको," त्या म्हणाल्या. "सांज झाली. उद्या घेते, हां?" त्या मनाने चांगल्या होत्या. आईनेही आग्रह केला नाही. ती त्यांच्या जागी असती तर तिनेही घेतली नसती.

भोपळा आईने पिशवीत घालून बांधला. मला वाटलं ती रडेल किंवा माझ्यावर चिडेल, पण तिने फक्त उंबरा पुसून घेतला आणि माझ्या पिना काढायला बसली. तेवढ्यात बाबांचा फोन आला. कॅम्पच्या बाहेरच्या बूथवरून ते करायचे, मागे गाड्यांचा आवाज यायचा. मी रिसीव्हर उचलला तर त्यांनी आधी विचारलं, आले का गं सगळे? मी काही बोलायच्या आत आईने फोन घेतला.

"आले होते," ती म्हणाली. "सगळे आले होते. हो. नाही, भोपळा चांगला राहिला. सगळे बघत होते."

ती खोटं बोलत नव्हती, असं मी त्या वेळी मनाला सांगितलं. शब्द न् शब्द खरा होता. बाबा फोनवर खूश झाले असावेत, कारण आई थोडी हसली आणि म्हणाली, आता ठेवते, तुमचं कार्ड संपेल.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी नेहमीच्या जागेवर बसले. माझ्या शेजारची जागा आधीही बऱ्याचदा रिकामीच असायची, पण आता ती ठरवून रिकामी होती. एक लहान मुलगा बसायला आला तर मागून कोणीतरी म्हणालं, "डोंट सिट देअर. हर मम डझ ब्लॅक मॅजिक." मी मागे वळून सांगायला गेले. वाक्य जुळवलं होतं, इट वॉज फॉर हॅलोवीन ओन्ली. पण लिंबाचं काय सांगायचं, कुंकवाचं काय सांगायचं, आणि पुरुषाच्या हाताचं, हे मला इंग्रजीत येत नव्हतं. खरं म्हणजे ते आजही मला नीट येणार नाही. उतरताना माझ्याच वर्गातला एक मुलगा जवळ आला आणि अगदी गंभीरपणे विचारू लागला की तुझी आई मॅथ्सच्या टेस्टसाठी काही करू शकेल का. तो थट्टा करत होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या आठवड्यात माझ्याशी आपण होऊन बोललेला तो एकटाच.

वरच्या मजल्यावरची मुलगी बोलली नाही. पण ती हसलीही नाही. ती खिडकीबाहेर बघायची.

गुरुवारी बाबा आले ते नेहमीपेक्षा शांत होते. खाली बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, एक वयस्क पठाण होता. त्याने बाबांना थांबवून विचारलं होतं, भाईसाब, घर में सब खैरियत? त्यावरून पुढे जे काही कळायचं ते त्यांना जिन्याखालीच कळलं. हे मला नंतर, पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी ते वर येऊन हातपाय धुऊन जेवायला बसले आणि आईला काही विचारलं नाही. आईनेही काही सांगितलं नाही. पुड्या सगळ्या पलंगाखालच्या डब्यात होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो डबा बाहेर ओढला.

"हे कोणासाठी ठेवलंय?" ते म्हणाले.

आई म्हणाली, उरल्या थोड्या.

"मग वाटून येतो. दिवाळी आलीच की. फराळ काय, लोकांनी येऊन मागायचा असतो होय? आपण द्यायचा असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चल गं. इंग्रजी लागलं तर तू बोल."

त्यांनी शाळेच्या गॅदरिंगला घातलेला पांढरा शर्ट घातला. ताटावर आईने विणलेला रुमाल टाकला. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. बेल वाजवायचे बाबा. दार उघडलं की ते दोन्ही हातांनी पुडी पुढे करायचे आणि हिंदीत म्हणायचे, दिवाली का है, घर का बना हुआ. त्यांचं हिंदी सांगलीचं होतं.

वरच्या मुलीच्या घरी तिच्या आईने दार उघडलं, साखळी न काढता. पुडी त्या फटीतून गेली. थँक यू, सो स्वीट, असं त्या म्हणाल्या आणि दार लागलं. मागे ती मुलगी दिसली असं मला वाटलं. एका घरात म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी बाबांना आत बसायला सांगितलं, पण मागून सुनेने काहीतरी म्हटल्यावर ते नुसते हात जोडून उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशीच्या आवाजाच्या बाई होत्या. मी आवाजावरून ओळखलं. त्यांनी पुडी दोन बोटांनी, दोऱ्याला धरून घेतली. बाबा सगळ्यांशी सारखंच बोलले. मला वाटतं अर्ध्या तासात त्यांनी त्या बिल्डिंगमध्ये वर्षभरात बोलले नसतील इतके शब्द बोलले.

खालचे मजले करून आम्ही परत वर आलो, चाचींचं दार शेवटचं. त्यांनी पुडी घेतली, तिथेच दोरा सोडला, एक शंकरपाळं तोंडात टाकलं आणि चावून झाल्यावर म्हणाल्या, "तूप चांगलं घातलंय भाभीने." मग मागे उभ्या असलेल्या तिघांच्या हातावर एकेक ठेवलं. बाबा त्यांना थँक्यू म्हणाले. खरं तर ते चाचींनी म्हणायला हवं होतं.

ताटात दोन पुड्या उरल्या होत्या. बाबा म्हणाले, केरळवाले मघाशी नव्हते, आणि नातूर राहिला. केरळवाले अजून आले नव्हते, म्हणून आम्ही जिन्याने खाली निघालो, लिफ्ट कोणीतरी अडवून ठेवली होती. प्रत्येक मजल्याच्या वळणावर कचऱ्याची छोटी खोली असायची. खालच्या वळणावरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. वरून ओतलेला कचरा नळकांड्यातून तिथे खाली ड्रममध्ये पडायचा. ड्रम भरलेला होता आणि वर, बटाट्याच्या सालींवर, चित्रकलेच्या वहीचा पांढरा कागद आणि लाल दोरा दिसत होता. एकच पुडी असती तर मला वाटलं असतं की चुकून पडली.

बाबा माझ्या पुढे एक पायरी होते. ते थांबले नाहीत. फक्त त्यांनी ताट उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, एक पाऊल बाजूला सरकून ते त्या दाराच्या आणि माझ्या मध्ये आले, आणि शाळेत आता कुठला धडा चालू आहे, असं मला विचारू लागले. मी सांगितलं. भूगोल, ज्वालामुखी. ते म्हणाले, म्हणजे आत काय असतं त्याच्या? मी ते पण सांगितलं. नातूरने पुडी डोळ्यांना लावून घेतली. आम्ही परत वर आलो ते लिफ्टने, आणि तोवर आलेल्या केरळवाल्यांनी शेवटची पुडी घेतली.

आई दारातच उभी होती. तिने पुन्हा साडी बदलली होती आणि केसांत गजरा नव्हता तरी घातल्यासारखी मान धरली होती.

"घेतलं का सगळ्यांनी?"

"घेतलं की," बाबा म्हणाले. "का नाही घेणार? समोरच्यांनी तर तिथंच खाल्लं."

मी आत जाऊन रिकामं ताट ओट्यावर ठेवलं. आई माझ्यामागे आली. तिने डब्यातला उरलेला मैदा बघितला, थोडा होता, आणि बेसन किती आहे तेही बघितलं. मग तिने मला हळूच विचारलं, कोण काय म्हणालं, नीट सांग, कोणाला आवडली असं वाटलं? मी तिला म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडले ते सांगितलं, नातूरने पुडी डोळ्यांना लावली ते सांगितलं, तूप चांगलं घातलंय हे चाचींचं वाक्य सांगितलं. ती ऐकत होती आणि परातीत बेसन चाळत होती. बाहेर बाबांनी रेडिओ लावला होता, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

"मग लक्ष्मीपूजनाला शेव करते थोडी," आई म्हणाली. "घरं किती झाली एकूण?"

मी तिला आकडा सांगितला.